बुधवारच्या रिकाम्या खाटा

थॉर्नक्लफच्या बाळंतपणाच्या इस्पितळात मेट्रन हॅलिवेल यांना आठवड्यातला एकच दिवस आवडायचा, तो म्हणजे बुधवार. बुधवारी दुपारी त्यांना बसायला मिळायचं.

बाकीचे सहा दिवस पायांवर. लढाई संपून सहा वर्षं झाली होती, इस्पितळ सरकारजमा होऊन तीन, पण माणसं कुठेच पुरत नव्हती. एक सुईण लग्न करून कॅनडाला गेली. दुसरी रॉझब्रिजच्या मोठ्या इस्पितळात गेली, कारण तिथे आठ तासांची पाळी आणि राहायला स्वतःची खोली. उरल्या आयरिश सिस्टर केव्हनी, दोन नवशिक्या नर्स, स्वयंपाकीण, साफसफाईच्या मिसेस टॅटर्सल आणि एकोणसाठ वर्षांच्या मेट्रन. तळघरातला बॉयलर रुसला की त्याची समजूत मेट्रनच काढायच्या. चादरी मोजून घ्यायच्या त्या, अंड्यांच्या भुकटीचे डबे कुलपात ठेवायच्या त्या, आणि एखादी पहिलटकरीण अडली की तिच्या उशाशी बसायच्याही त्याच. पायांच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या. संध्याकाळी घट्ट मोजे उतरवताना त्या पायांकडे बघायच्याच नाहीत. बघून करणार काय?

इमारत म्हणजे टेकडीवरची एका गिरणीमालकाची हवेली. त्याच्या मागे कुणी उरलं नाही आणि घर गावाला मिळालं. त्याच्या बैठकीच्या खोलीत आठ खाटा, जेवणघरात सहा, आणि जिथे तो पाहुण्यांबरोबर बिलियर्ड खेळायचा तिथे आता गावातल्या बायका कळा द्यायच्या. फाटकावर त्याचं नाव कोरलेलं होतं, पण ते कुणी घेत नसे. "आमची एडना टेकडीवर गेलीय," एवढं म्हटलं की शेजारीण हातातलं काम टाकून लोकर आणि सुया काढायची.

आता बुधवारचं सांगायला हवं. आमच्याकडे बाळंतीण चर्चला जाऊन आल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही. दुसऱ्यांच्या तर नाहीच, स्वतःच्याही नाही. पाद्रीबुवांनी आभाराची प्रार्थना म्हटली, तिनं गुडघे टेकले, की सोयर फिटली. तोवर ती जिथे जाईल तिथे काहीतरी विपरीत होणार, दूध नासणार, नाहीतर घरातलं एखादं म्हातारं माणूस जाणार. पाद्री लोमॅक्स बारा वर्षं सांगत होते की ही नुसती आभाराची प्रार्थना आहे, तिचा दारांशी काही संबंध नाही. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन दार लावून घ्यायचे. चॅपलवाले, म्हणजे आमचं चर्च सोडून वेगळ्या पंथात गेलेले, या सगळ्याला हसायचे. पण सासवा त्यांच्याही घरात होत्याच.

लोमॅक्स यांच्याकडे तीन गावांची तीन चर्चं होती. थॉर्नक्लफच्या वाट्याला ते रविवारच्या घाईच्या उपासनेखेरीज फक्त बुधवारी यायचे. म्हणून टेकडीवरचा शिरस्ता असा होता, की दहा दिवस भरलेली बाई बुधवारीच निघेल. अकराच्या सुमाराला सहा-सात जणी कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून, बाळं कुशीत घेऊन रस्ता ओलांडायच्या. समोरच चर्च. तिथल्या फाटकाशी सासवा नाहीतर आया बाबागाड्या घेऊन उभ्या असायच्या. दहा मिनिटांत प्रार्थना आटपायची आणि वरात टेकडी उतरायची. हा शिरस्ता मेट्रननी पाडलेला होता, सतरा वर्षांपूर्वी, आणि तो मोडायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तर नोव्हेंबरात रॉझब्रिजहून, सरकारी इस्पितळ मंडळाचं, पत्र आलं. मेट्रननी ते चादरींच्या कपाटाशी उभ्याउभ्या वाचलं. भाषा गोड होती. आपल्या अनेक वर्षांच्या निष्ठावान सेवेची मंडळाला जाणीव आहे, परंतु गेल्या तीन वर्षांचे आकडे पाहता आपल्या चौदा खाटांपैकी सरासरी साडेसातच भरलेल्या असतात. सबब एकतीस मार्चपासून हे इस्पितळ बंद करून थॉर्नक्लफच्या गरोदर स्त्रियांची सोय रॉझब्रिजला करण्याचा मानस आहे. अंतिम निर्णय मंडळाच्या कमिटीच्या जानेवारीच्या बैठकीत.

मेट्रननी पत्राची घडी घातली. आता त्यांना धक्का बसायला हवा होता. तो बसलाच नाही. त्यांना हलकं वाटलं, खांद्यावरची कोळशाची बादली कुणीतरी उतरवून घ्यावी तसं. मोरकमला त्यांची बहीण एल्सी होती, विधवा, समुद्रासमोर तिचं लहानसं घर. दर नाताळला ती लिहायची, "ॲग्नेस, पुढची खोली तुझीच आहे, कधी येतेस?" दर नाताळला मेट्रन लिहायच्या, "बघू." आता बघायचं काही राहिलं नव्हतं. एप्रिलमध्ये त्या खिडकीशी बसून भरती-ओहोटी बघतील, आणि कुणी "मेट्रन" म्हणून हाक मारणार नाही.

सिस्टर केव्हनींना हे सांगितलं तेव्हा त्यांचा गोरा चेहरा लालबुंद झाला.

"बंद करणार? कुणाच्या बापाचं आहे? रॉझब्रिज नऊ मैल, मध्ये उघडा माळ. डिसेंबरात कळा आल्या तर बाई काय बसची वाट बघत उभी राहील?"

"ॲम्ब्युलन्स आहे, सिस्टर."

"ॲम्ब्युलन्स मला सांगू नका. गेल्या वर्षी मेंढ्यांच्या कळपात अडकून पडली होती ती. तुम्ही काहीच कशा बोलत नाही, मेट्रन?"

"काय बोलू? आकडे त्यांच्याकडे आहेत."

सिस्टर गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या. स्लिपरच्या कारखान्यात बायकांनी जेवणाच्या सुट्टीत रांग लावून सह्या केल्या. गाव पेटून उठलं. मेट्रन मात्र तोंडातून चकार शब्द काढीनात. लोक म्हणाले, बिचारीचं काळीज फाटलंय. दुकानात त्यांना कुणी रांगेत उभं राहू देईना, कसायानं तर त्यांच्या पुडक्यात एक सॉसेज जास्तीचं घातलं. आणि बिचारी रोज दुपारी चहाबरोबर मोरकमच्या खोलीला कोणते पडदे शोभतील याचा विचार करत होती. त्या सॉसेजची मेट्रनना फार लाज वाटली, पण खाल्लं त्यांनी.

डिसेंबरातला पहिला बुधवार. दुपारी मेट्रन आपल्या खोलीत टेबलाशी बसून मंडळाचा फॉर्म भरत होत्या. दर आठवड्याला एक फॉर्म, त्यात आज किती खाटा भरल्या आहेत तो आकडा. मिसेस टॅटर्सल फरशी पुसत होत्या. या बाई गेली वीस वर्षं याच फरश्या पुसत होत्या आणि पुसतापुसता बोलायचं त्यांनी कधी सोडलं नाही.

"आज किती हो, मेट्रन?"

"सात."

"सात. आणि काल चौदा होत्या. सगळ्या खाटा भरलेल्या, पाय ठेवायला जागा नव्हती माझ्या बादलीला. पंधरावीला आपण रॉझब्रिजला धाडली."

"कालचा फॉर्म नसतो, मिसेस टॅटर्सल. बुधवारचाच असतो."

"मग बुधवारचा का असतो? जेवून पाहुणे उठून गेल्यावर मी ताटं मोजायला बसले तर या घरी कुणी जेवतच नाही असंच वाटायचं की. पाय उचला जरा."

मेट्रननी पाय उचलले. मिसेस टॅटर्सल टेबलाखालून फडकं फिरवून बादली घेऊन निघून गेल्या. आपण काय बोललो ते त्या दारापर्यंत पोचेतो विसरल्याही असतील. मेट्रनचे पाय मात्र तसेच वर राहिले.

बुधवारच का? त्यांना आठवलं. अठ्ठेचाळीसच्या जुलैमध्ये, सगळं नवं नवं असताना, मंडळाच्या कचेरीतून एका पोरसवदा कारकुनानं फोन केला होता. दर आठवड्याला आकडा हवा, कोणता दिवस तुम्हांला सोयीचा पडेल? आणि मेट्रननी क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं, "बुधवार घाला. बुधवारी मला बसायला मिळतं." बसायला मिळायचं, कारण खाटा रिकाम्या झालेल्या असायच्या. खाटा रिकाम्या व्हायच्या, कारण सकाळीच सगळ्या जणी चर्चला गेलेल्या असायच्या. तीन वर्षं, एकही आठवडा न चुकवता, त्यांनी इस्पितळ रिकामं असतानाचीच शिरगणती स्वच्छ अक्षरात लिहून पाठवली होती. रॉझब्रिजच्या बाबूंनी ती बेरीज करून भागून टाकली, एवढंच. इस्पितळाच्या गळ्याला फास लावला होता तो मेट्रननी स्वतः.

मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. हे कुणालाच माहीत नाही.

सिस्टर केव्हनींना नाही, कमिटीला नाही, मिसेस टॅटर्सलना तर आपण काय बोललो तेही माहीत नाही. आपण गप्प बसलो की झालं. यात खोटं असं काहीच नव्हतं. एप्रिल येईल, खिडकी येईल, समुद्र येईल. मेट्रननी फॉर्मवर सात लिहिलं, सही केली आणि पाकीट चिकटवलं. पुढच्या बुधवारीही आठ लिहून त्यांनी पाकीट चिकटवलं. त्या आठवडाभरात त्यांना झोप चांगली लागली, आणि हे लपवण्यात अर्थ नाही, कारण पुढे त्यांनी स्वतःच ते सिस्टर केव्हनींना सांगितलं.

मोडता आला तो नाताळाआधीच्या मंगळवारी. सकाळी एका बाईच्या नवऱ्याचा फोन आला, कळा सुरू झाल्यात, घेऊन येतो. खाटा चौदाच्या चौदा भरलेल्या. मेट्रननी सवयीनं सांगितलं, जागा नाही हो, मी ॲम्ब्युलन्स बोलावते, रॉझब्रिजला जा. दुपारी चार वाजता ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. हात कोपरापर्यंत माखलेले, ओठ निळे.

"हात धुवायला मिळतील का, मेट्रन? आणि चहा असला तर."

"काय झालं?"

"मुलगी झाली. माळावरच, खिंडीच्या अलीकडे. बर्फ पडत होता. नवरा तर डोळे मिटून बसला, पुरुष कसले हे. मी आजवर फक्त मेंढ्यांची केली होती हो." त्यानं चहाचा घोट घेतला आणि कप दोन्ही हातांत धरून ठेवला. "पोर बराच वेळ रडली नाही. मग रडली. आता दोघी बऱ्या आहेत म्हणतात. पण बराच वेळ रडली नाही."

मेट्रन त्याला बसवून वर गेल्या. नऊ नंबरच्या खाटेवर मिसेस फील्डन पाय पसरून बसल्या होत्या. बाळंत होऊन पंधरा दिवस झालेले, प्रकृती ठणठणीत, हातात विणकाम, शेजारी टोस्टची बशी. उद्याच्या चर्चची वाट बघत होत्या. शेजारच्या खाटेवर तशीच दुसरी, खिडकीजवळ तिसरी. तिघी मेट्रनकडे बघून गोड हसल्या.

त्या संध्याकाळी मेट्रननी तीन वर्षांची नोंदवही काढली. जागा नाही म्हणून ज्यांना परत धाडलं त्यांची नावं त्यात होती, तारखांसकट. सोमवार, मंगळवार, मंगळवार, सोमवार. त्यांनी बोट ठेवून मोजली. एकशे अकरा बायका. त्यांतली प्रत्येक जण माळ ओलांडून गेली, आणि त्या वेळी इथे कुणी ना कुणी धडधाकट बाई पाद्रीची वाट बघत टोस्ट खात होती. मेट्रनना रडू आलं नाही. रडायलाही अंगात काही शिल्लक असावं लागतं. त्यांनी वही मिटली आणि दुसऱ्या दिवशी बैठकीसाठी वेळ मागणारं पत्र टाकलं.

जानेवारीतली बैठक रॉझब्रिजला होती. लांब टेबलाशी नऊ माणसं. अध्यक्ष मिस्टर बिब्बी, स्लिपरच्या कारखान्याचे मालक, तसे भले गृहस्थ, पण भलेपणा लवकर आटपून जेवायला जाणारे. त्यांना वाटलं, मेट्रन विनवणी करायला आल्यात. मेट्रननी वही टेबलावर ठेवली आणि उभ्या राहून सगळं सांगितलं. बुधवार, चर्च, कारकुनाचा फोन.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही आम्हांला खोटे आकडे पाठवलेत?" मिस्टर बिब्बी म्हणाले.

"नाही. खरे पाठवले. चुकीच्या दिवशी."

कमिटीवर एक डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, लंडनहून आलेल्या. त्यांनी चष्मा काढला. "मेट्रन, मला नीट समजू द्या. बऱ्या झालेल्या बायकांना तुम्ही सहा-सहा दिवस जास्त ठेवून घेत होतात, ते एका प्रार्थनेसाठी? एकोणीसशे एक्कावन्न संपलं हो."

"संपलं. सासवा आहेत तशाच आहेत."

कुणीतरी हसलं. मेट्रन हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांच्या एका पोरीला त्यांनी शुक्रवारी घरी पाठवलं होतं. सख्ख्या आईनं दार उघडलं नाही. पोर गारांच्या पावसात बाळ घेऊन चर्चला गेली, ते बंद. मग वेशीवरच्या गोठ्यात बसून राहिली. रविवारी तिला न्यूमोनियानं परत आणली. बाळ जगलं, ती नाही जगली. त्या दिवसापासून बुधवार.

डॉक्टरीणबाईंनी वही आपल्याकडे ओढून पानं चाळली. मग त्या म्हणाल्या, "आणि या एकशे अकरा?"

"हो," मेट्रन म्हणाल्या. "एकीसाठी मी शिरस्ता पाडला आणि या एकशे अकरांना माळावर धाडलं. ती चूक माझी आहे. कागदावर लिहून हवी तर लिहून देते."

निर्णय व्हायला वीस मिनिटं लागली. इस्पितळ एक वर्ष चालू ठेवायचं. बाई दहाव्या दिवशी घरी जाणार, वार कोणताही असो. दारातून कुणाला परत पाठवायचं नाही. आकडा रोजचा घ्यायचा. वर्षानंतर खाटा भरलेल्या दिसल्या तर ठीक, नाहीतर टाळं. बायका जर घरी जायला तयार नसतील, मिस्टर बिब्बी म्हणाले, आणि खाटा अडवून बसणार असतील, तर माझे हात बांधलेले आहेत. मग त्यांनी जरा सांभाळून विचारलं, "आणि तुम्ही थांबाल ना, मेट्रन? वर्षभराच्या बोलीवर दुसरी कुणी यायची नाही. आणि वर्ष निभावलं, तर पुढेही एखाद-दोन वर्षं लागतील."

"थांबेन," मेट्रन म्हणाल्या. सहा नंबरच्या खाटेला भांडं द्या, हे त्या ज्या आवाजात सांगायच्या त्याच आवाजात. एल्सीला त्यांनी बसमध्ये बसल्याबसल्याच लिहून टाकलं, कारण घरी गेल्यावर ते लिहिणं जिवावर आलं असतं.

नव्या नियमानं निघायची पहिली पाळी मेव्हिस ग्रिमशॉची आली. बाळंत झाली तो बुधवार होता, दहावा दिवस शनिवारी भरत होता. वय बावीस, पहिला मुलगा, सात टाके. नवरा शनिवारी दुपारपर्यंत गिरणीत. राहायला सासूच्या घरात, इंकरमन गल्लीत. शुक्रवारी सिस्टर केव्हनी निरोप घेऊन गेल्या आणि तोंड पाडून परत आल्या.

"म्हातारी म्हणते, बुधवारी पाठवा. त्याआधी आणलीत तर दार उघडणार नाही. आणि मेट्रन, अख्खी गल्ली ऐकत होती. सोमवारी निघणाऱ्या दोघी त्याच गल्लीतल्या आहेत."

मेट्रनना सगळं समजलं. हे दार उघडलं नाही, तर सोमवारच्या दोघी खाट सोडायच्या नाहीत. त्या नाही उठल्या तर मंगळवारच्याही नाही उठायच्या. मग पुन्हा जागा नाही, पुन्हा माळ, आणि वर्षअखेरीला मिस्टर बिब्बींचे हात बांधलेले. आणि मेव्हिसला एकटी पाठवायची, तर गोठ्यातली ती पोर डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"मी जाते तिच्याबरोबर," त्या म्हणाल्या.

शनिवारी अकरा वाजता मेट्रन निळा कोट घालून, बाबागाडी ढकलत टेकडी उतरल्या. मेव्हिस गाडीला धरून हळूहळू चालत होती. इंकरमन गल्लीत पोचल्या तेव्हा पडदे हलायला लागले. मिसेस ग्रिमशॉंनी नुकतीच दाराची पायरी धुऊन, रंगीत दगडानं घासून तिला पिवळी कड काढली होती. पायरी अजून ओली होती. बाईंनी दार वीतभर उघडलं.

"मेट्रन, तुम्ही? या की आत. चहा टाकलाय. तिला मात्र तिथंच थांबू द्या."

"दहा दिवस भरले, मिसेस ग्रिमशॉ. घरी आणलीय तिला."

"बुधवारी आणायची. बुधवार ठरलेला आहे."

"बुधवार बंद झाला."

"तुमच्याकडे झाला असेल. माझ्या दाराशी नाही झाला. माझ्या नणंदेनं सुनेला अशीच घरात घेतली, महिन्यात म्हातारा गेला."

"म्हातारा ब्याऐंशीचा होता, आई," मेव्हिस म्हणाली. "आणि दारू पिऊन जिन्यावरून पडला."

"पडला का पण? तेच तर म्हणतेय मी."

"आई, मला टाके आहेत. उभं राहवत नाही."

"मग बस की गाडीच्या दांड्यावर. मी काय तुझी वैरीण आहे? नातू माझा आहे, त्याला दे इकडे. पण चर्च झाल्याशिवाय तू नाही."

मेट्रनना बरंच काही बोलायचं होतं. वाटेत त्यांनी ते मनाशी जुळवलंही होतं, जंतू, स्वच्छता, नवे दिवस, लोमॅक्स यांचं मत. पण पायांत गोळे आले होते आणि त्यातलं एक वाक्य आठवेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बसण्यासारखं काहीच नव्हतं. मग त्या पायरीवरच बसल्या.

नंतर गावात ही मेट्रनची नामी युक्ती म्हणून सांगितली गेली. ती युक्ती नव्हती. त्यांना खरोखरच उभं राहवत नव्हतं.

"अहो, पायरी," मिसेस ग्रिमशॉ म्हणाल्या. "आत्ता केलीय."

"माहीत आहे. कोटाला लागलीय."

"उठा हो. लोक बघतायत."

"बघू देत. मी थकलेय, मिसेस ग्रिमशॉ. आज शनिवार. बुधवारपर्यंत बसते इथं."

समोरच्या घरांची दोन दारं उघडली. एक बाई उगाचच फडका घेऊन खिडकी पुसायला बाहेर आली. मिसेस ग्रिमशॉ कानापर्यंत लाल झाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांची चारही बाळंतपणं कुणी ना कुणी सुईणीनं याच गल्लीत केली होती आणि चारही वेळा त्या चर्च होईतो घरामागच्या कोळशाच्या खोलीत राहिल्या होत्या. आपण सोसलं ते फुकट गेलं, असं कुणाला म्हणायला आवडेल?

"एक सांगा मला," मेट्रन पायरीवरूनच म्हणाल्या. "चर्च न झालेल्या चौदा बायकांना मी रोज हात लावते. सतरा वर्षं लावतेय. तुमची आई आजारी होती तेव्हा मी या घरात आले. तुम्ही मला चहा दिलात, हॅम दिलंत. तेव्हा तुमचं दूध नाही नासलं?"

"तुमचं वेगळं आहे."

"वेगळं काय?"

"अहो, तुम्ही मेट्रन," मिसेस ग्रिमशॉ अगदी आदरानं म्हणाल्या. "तुम्ही काय बाई थोड्याच आहात."

मेव्हिसनं मान खाली घातली. समोरच्या बाईचा फडका थांबला. मेट्रनना ते लागलं, खोल लागलं. गावातल्या दर दुसऱ्या घरातलं पोर त्यांच्या हातांवर जन्मलं होतं, आणि गाव त्यांना काय समजत होतं ते आज कळलं. बॉयलर, घड्याळ, मेट्रन. आणि वाईट याचं वाटलं, की मोरकमवर पाणी सोडून आपण ज्यांच्यासाठी राहिलो ती हीच माणसं.

त्यांनी कोट गुडघ्यांवर ओढून घेतला. नुसत्या बसून राहिल्या. पण त्यांचा चेहरा मिसेस ग्रिमशॉंना दिसला असावा, कारण बाईंनी हात एप्रनला पुसले. मग एकदम सुनेकडे वळून त्या खेकसल्या.

"बघतेस काय? मागच्या गल्लीतून ये. अंगणातून, धुण्याच्या खोलीतून आत. मागचं दार म्हणजे काही घराचं दार नव्हे. कोळसेवालाही येतो तिथून." आणि समोरच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मागून आलेलं चालतं. माझी आजी म्हणायची."

त्यांची आजी असं कधीच म्हणाली नव्हती. पण सोमवारपर्यंत ते सगळ्या गल्लीच्या आज्यांनी म्हटलेलं होतं, आणि सोमवारच्या दोघी आपापल्या मागच्या दारानं घरात गेल्या.

मेट्रन मेव्हिसच्या हाताला धरून उठल्या. कोटाच्या मागे पिवळा पट्टा उमटला होता. मिसेस ग्रिमशॉंनी पुढचं दार सताड उघडलं आणि बाजूला सरल्या.

"या, मेट्रन. तुम्ही या इकडून."

"नको," मेट्रन म्हणाल्या. "मीही मागूनच येते."

"अहो, तुम्हांला कशाला? मागे चिखल आहे, कोळसा आहे."

"असू दे."

मेट्रननी बाबागाडी वळवली आणि मेव्हिसच्या चालीनं चालत त्या गल्लीच्या टोकाला वळसा घालून मागे गेल्या, राखेचे डबे, वाळत घातलेले कपडे यांच्यामधून. धुण्याच्या खोलीचा उंबरा उंच होता. मेव्हिस बाळाला घेऊन आधी चढली. मेट्रनचा पाय उचलेना. तेव्हा मेव्हिसनं बाळ एका हातावर घेतलं, दुसरा हात मागे केला आणि म्हणाली, "धरा, बाई."